पाकीट अजून कपाटातच आहे

पत्र थोडक्यात असं: कळव्याजवळ खारेगावात राहणारे एक ख्रिस्ती बंधू, वय ४४. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत सोळा वर्षं परचेसमध्ये आहेत. घर ३८० चौरस फुटांचं, त्यात नवरा-बायको, आई, पंधरा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. यंदा उपवासकाळात दोघांनी चाळीस दिवस मोठ्या घरासाठी प्रार्थना केली. ईस्टरनंतरच्या आठवड्यातच खोकी पुरवणाऱ्या व्हेंडरने प्रत्येक बिलामागे दोन टक्के देऊ केले. महिन्याची बिलं साधारण १४ लाखांची, म्हणजे महिन्याला २८ हजार. पत्नीला हे प्रार्थनेचं उत्तर वाटतं. यांनी नकाराची भाषा केल्यावर ती म्हणाली, "तुमचं समाधान आम्ही किती दिवस भोगायचं?" बरोबर नोकरीला लागलेल्या सहकाऱ्याने घोडबंदर रोडला टू बीएचके घेतला आहे. एका सभेत प्रचारकाने "बी पेरा, शंभरपट मिळेल" असं सांगितल्यावर यांनी दहा हजार अर्पण केले होते, त्याचं पुढे काहीच झालं नाही. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांत असल्याने हे कोणाशी बोलताही येत नाही. त्यांचा प्रश्न आहे, मोठं घर हवंसं वाटणं हा लोभ आहे का, आणि समाधानी राहायचं म्हणजे घरच्यांना आहे तसंच ठेवायचं का. शेवटी एक ताजा कलम आहे. गेल्या दिवाळीत त्याच व्हेंडरने दिलेलं पाच हजारांचं पाकीट त्यांनी घेतलं होतं. ते खर्च केलेलं नाही, कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवलंय. उपकारस्तुतीच्या रविवारी अर्पणाच्या थैलीत टाकलं तर चालेल का, असं ते विचारतात.

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते घराबद्दलचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कमिशनबद्दलचं. तिसऱ्यांदा वाचताना नजर त्या ताज्या कलमावर अडकली, आणि त्या तीन ओळी लिहिता याव्यात म्हणूनच तुम्ही वरची चार पानं लिहिलीत असं वाटायला लागलं. पाकिटाकडे मी शेवटी येणार आहे. आधी तुम्ही एका दोरीत दोन प्रश्नांची गाठ मारली आहे, ती सोडवू या.

पहिला प्रश्न त्या दोन टक्क्यांचा. तुम्ही लिहिता, "ते नाकारून आहे त्यात समाधान मानायला हवं, हे कळतं पण वळत नाही." भाऊ, इथे समाधानाचा संबंधच येत नाही. तुमचं घर ३८० फुटांचं असो की १२०० फुटांचं, तुम्ही आतून तृप्त असा की तळमळत असा, ते पैसे तुमचे नाहीत. एवढं एकदा ठरलं की बराच भार हलका होतो. नाही तर नकार देण्यासाठी आधी मन शांत होण्याची वाट बघत बसाल, आणि मन काही महिन्याभरात शांत होत नाही.

व्हेंडर ते दोन टक्के पदरचे देत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक तर तो ते रेटमध्ये चढवतो, म्हणजे कंपनीचेच पैसे फिरून तुमच्याकडे येतात. नाही तर मालातून काढतो. पाच-प्लाय खोक्यात १८० जीएसएमच्या जाड कागदाच्या जागी १५० चा हलका कागद घातला तर वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो पावसाळ्यात, गोदामात सहा थर रचल्यावर तळातलं खोकं कुशीतून फुगायला लागतं तेव्हा. आणि त्या दिवशी तुम्हाला ते खोकं परत पाठवता येणार नाही. पाठवायला गेलात की तो काही बोलणार नाही, फक्त जरा लांबवून "साहेब..." म्हणेल. त्या एका शब्दाखाली तुमची सोळा वर्षं दबून जातील. खासगी कंपनीत असलं काही चालून जातं, हा समजही काढून टाका. मालकाने विश्वासाने दिलेल्या अधिकाराचा असा वापर फौजदारी विश्वासघात म्हणून पोलिसांपर्यंत जाऊ शकतो.

वहिनींचा मुद्दा मात्र मी बाजूला सारणार नाही. चाळीस दिवस गुडघे टेकून मागितलं आणि आठवड्याभरात दारात आलं, मग हे उत्तर नाही कसं म्हणायचं? असं त्यांना वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण पवित्र शास्त्रात असाच एक प्रसंग आहे, तो तुम्ही दोघांनी मिळून वाचावा असं मला वाटतं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय. दावीद एन-गेदीच्या रानात लपलेला. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल नेमका त्याच गुहेत एकटा शिरतो. दावीदाची माणसं कुजबुजतात, परमेश्वराने ज्या दिवसाबद्दल सांगितलं होतं तो हाच. त्यांचा हिशोब चुकीचा दिसत नाही. वचन मिळालेलं, शत्रू हाताशी आलेला, अंधार आहे, कोणी बघत नाही. दावीद पुढे होतो आणि शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतो, तेवढंच. आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खातं. राज्य त्याला पुढे मिळालंच, पण ते त्या गुहेतून मिळालं नाही. हातात संधी आली म्हणजे परवानगी आली असं नसतं, हे दावीदाच्या माणसांना कळलं नाही. दावीदाला कळलं, कारण संधी कोणाच्या अंगावरून चालून आली आहे ते त्याने बघितलं.

मग व्हेंडरला काय सांगायचं? भाषण देऊ नका, वचनही ऐकवू नका. एवढंच म्हणा, "तुम्हाला दोन टक्के परवडतात ना, मग ते कमी करून सुधारित कोटेशन मेलवर पाठवा." मेलवरच मागवा, तोंडी नको. तो पाठवेल किंवा गप्प बसेल. दोन्हीत तुमची सुटका आहे. पाठवलं तर वर्षाला कंपनीचे ३ लाख ३६ हजार वाचले, आणि हा आकडा अप्रेझलच्या फॉर्मवर तुमच्या नावासमोर लिहायचा. सोळा वर्षांत स्वतःहून पगारवाढ किती वेळा मागितलीत? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये मी हे फार पाहिलंय. हक्काचा पगार मागायला माणूस लाजतो, त्या लाजेला नम्रता म्हणतो, आणि मग आतल्या आत कुढत राहतो. त्याच कुढण्यातून एखाद्या दिवाळीला पाकिटाकडे हात जातो.

वरचे साहेबच त्या साखळीत असतील तर काम अवघड आहे, हे मी मान्य करते. तेव्हा कोणावर आरोप करायला जाऊ नका, पण स्वतःभोवती कुंपण घालून घ्या. तीन कोटेशनं एकट्याने उघडू नका, स्टोअर्स किंवा अकाउंट्समधला एक माणूस शेजारी बसवा. माल उतरताना वजन आणि जाडी तपासल्याची नोंद दुसऱ्याच्या सहीने ठेवा. प्रेषित पौलाने हेच केलं होतं. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेली मोठी रक्कम न्यायची वेळ आली तेव्हा त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ दिला, आणि करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात कारणही सांगून टाकलं: एवढ्या मोठ्या देणगीच्या कारभारात आम्हाला कोणी दोष देऊ नये, आणि प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही चोख राहावं म्हणून. प्रेषितालाही शेजारी दुसरा माणूस लागला. आपल्यालाही लागतो. आणि वाचकहो, तुम्ही परचेसला नसाल, दवाखान्याच्या स्टोअरला असाल, शाळेच्या ऑफिसात असाल, सोसायटीचे खजिनदार असाल, तरी हे कुंपण तितकंच उपयोगी आहे.

सहकाऱ्याबद्दल एक गोष्ट. तुम्ही लिहिलंय, "तो घेतो हे सगळ्यांना माहीत आहे." तुम्ही पाहिलंय का? त्याची बायको कमावत असेल, गावची जमीन विकली असेल, सासऱ्यांनी हातभार लावला असेल. किंवा तो घेतही असेल. पण रोज विटाव्याच्या पुलाखाली गाडी अडकली की त्याच्या घराचा हिशोब तुम्ही मनात मांडता, असं तुम्हीच लिहिलंय. तो हिशोब आधी बंद करा. त्यातून त्याचं काही बिघडत नाही, तुमची संध्याकाळ मात्र जाते.

आता दुसरा प्रश्न, घराचा. इथे मला तुमच्याशी जरा भांडायचंय.

तुम्ही स्वतःला समाधानी म्हणवता आणि वहिनींना हावऱ्या ठरवता. शब्दांत नाही, पण पत्राचा सूर तसा आहे. "मी तर पाय पसरायला जागा मिळाली तरी खूश," असं एका ठिकाणी लिहिलंय. सकाळी आठला घर सोडणारा आणि रात्री आठला परतणारा माणूस हे सहज म्हणू शकतो. दिवसभर त्या घरात कोण असतं? वहिनी आणि आजी. आणि तुमची पंधरा वर्षांची मुलगी कपडे बदलायला मोरीत जाते, अभ्यासाला बसली की बाजूला टीव्ही चालू असतो, हेही तुम्हीच लिहिलंय, मात्र कंसात. भाऊ, ते कंस काढून टाका. ती ओळ पत्राच्या पहिल्या पानावर असायला हवी होती.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वाक्य तुम्ही उद्धृत केलंय, "चित्तसमाधानासह भक्ती हा तर मोठाच लाभ आहे." मलाही ते वाक्य जवळचं आहे. पण त्याच पत्रात एक अध्याय आधी पौल असंही म्हणतो की जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. दोन्ही वाक्यं एकाच लेखणीची आहेत. आणि फिलिप्पैकरांना लिहिताना पौल म्हणतो की आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे. "शिकलो" या शब्दापाशी थोडं थांबा. हे तो बंदिवासातून लिहितोय, आणि शिकलाय तो स्वतःच्या उपासमारीवर, स्वतःच्या बेड्यांवर. दुसऱ्याच्या पोटावर कोणी समाधान शिकत नाही. त्याच अध्यायात तो फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत घेतो, आणि ती पाठवलीत हे बरं केलंत असंही मोकळेपणाने सांगतो. तृप्त माणसालाही गरजा असतात, आणि त्या बोलून दाखवण्यात कमीपणा नाही.

आपल्याकडे "ठेविले अनंते तैसेचि राहावे" हे वाक्य ऊठसूट ऐकवलं जातं, आणि ऐकवणारा बहुतेक वेळा आधीच नीट ठेवलेला असतो. तुकोबांचं नाव ख्रिस्ती सदरात कशाला, असं कोणी विचारू नये. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी स्वतःच म्हटलंय की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. तर या तुकोबांची एक गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. घरची सावकारी होती, लोकांनी लिहून दिलेली कर्जखतं होती. ती त्यांनी इंद्रायणीत बुडवली. पण सगळी नाही. आधी धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाट्याची खतं मोजून त्यांच्या हवाली केली आणि मग फक्त आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. मला या गोष्टीतला बुडवण्याचा भाग तर आवडतोच, पण भावाचा वाटा बाजूला काढून ठेवण्याचा भाग त्याहून जास्त आवडतो. आपल्या वैराग्याची किंमत भावाने का मोजावी? वहिनींचं ते वाक्य, "तुमचं समाधान आम्ही किती दिवस भोगायचं," मला याच जातीचं वाटतं. ते तुम्हाला लागलं, पण त्यात मला हाव दिसत नाही. त्या आपल्या वाट्याची खतं मागताहेत.

मग गरज कुठे संपते आणि लोभ कुठे सुरू होतो? नियम मला देता येणार नाही, माझ्यासोबत घडलेलं सांगते.

आम्ही तेव्हा वर्तकनगरला दोन खोल्यांत राहायचो. माझ्या धाकट्या बहिणीने नेरूळला घर घेतलं. गृहप्रवेशाची प्रार्थना होती, पाळकसाहेब आले होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे होते. मी तिच्या स्वयंपाकघराचा ओटा मोजत होते, नजरेनेच, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. काळा ग्रॅनाइट, मध्ये सांधासुद्धा नाही. "आमेन" सगळ्यांबरोबर म्हटलं. घरी येताना बसमध्ये नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही, आणि घरी आल्यावर भांडी आपटली. पुढची कितीतरी वर्षं मी मोठा ओटा हवा म्हणून कटकट केली. प्रार्थनेतही मागितला, गरज म्हणून. तीनदा जेवण बनतं, जागा पुरत नाही, असं देवाला समजावून सांगत होते. मग एकदा तीच बहीण आजारपणातून उठून चार दिवस माझ्याकडे राहायला आली. माझ्या त्या तोकड्या ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. तेव्हा मला स्वच्छ कळलं की मला ओटा कधीच नको होता. माझा ओटा बघून तिने हळहळावं, एवढंच हवं होतं. त्या दिवशी मला फार लाज वाटली. बहिणीला मी हे अजून सांगितलेलं नाही. हे वाचून तिला कळेल.

तेव्हापासून एखादी गोष्ट फार हवीशी वाटली की मी स्वतःला विचारते, ही कोणालाच दिसणार नसेल तरी मला हवी आहे का? तुमच्या पत्राला हे विचारून बघा. मुलीला आतून कडी लावता येईल असं दार कोणाला दिसणार नाही, तरी ते हवंच आहे. आईला रात्री उठल्यावर कोणाच्या अंगावर पाय न देता संडासापर्यंत जाता यावं, हेही कोणाला दिसणार नाही. पण "कॉम्प्लेक्सचं गेट बघूनच पाहुण्यांना कळलं पाहिजे" हे जे तुम्ही सहकाऱ्याच्या तोंडचं म्हणून लिहिलंय, ते तुमच्याही मनात किती आहे? थोडं असेल तर घाबरू नका. ते सगळ्यांच्यात असतं. फक्त त्याला गरजेच्या यादीत बसवू नका.

आता रविवारी उपासनेनंतर वहिनींबरोबर एक वही घेऊन बसा. आईंनाही बसवा, राहतं घर त्यांचंही आहे. नुसती स्वप्नं नकोत, आकडे लिहा. समजा राहतं घर विकून वर ५० लाखांचं कर्ज काढलं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता महिना ४३ हजार ४०० च्या आसपास बसतो. वीस वर्षांत बँकेला जातात १ कोटी ४ लाख. ठाण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, घर केवळ वहिनींच्या नावे घेतलं तर सहा. ८० लाखांच्या घरावर तो एक टक्का म्हणजे ८० हजार रुपये, आणि घर त्यांच्या नावे असण्याला माझ्या मते शुल्काहून मोठी किंमत आहे. त्यावर नोंदणीचे ३० हजार. नवीन इमारत असेल तर महारेरावरची नोंद स्वतः उघडून वाचा, दलालाच्या मोबाइलवर नको.

आणि हा हप्ता कशातून जाणार ते बघा. त्या २८ हजारांशिवाय तो जातच नसेल, तर पुढची वीस वर्षं तुम्हाला तो व्हेंडर सोडता येणार नाही. तो बदलला, तुमची बदली झाली, नवा मॅनेजर आला, की घर धोक्यात. कर्ज बँकेचं आणि किल्ली खोकीवाल्याच्या खिशात, असं ते घर होईल. तिथे प्रार्थना घालायला पाळकांना बोलवाल तेव्हा तुमचे डोळे मिटतील का?

'राजे' नावाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात संदेष्टा अलीशाचा चाकर गेहजी आहे. अरामाचा सेनापती नामान अलीशामुळे कोडातून बरा झाला, पण अलीशाने त्याच्याकडून एक पैसा घेतला नाही. गेहजी मागे पळत गेला, खोटं सांगून चांदी आणि कपडे घेऊन आला, घरात लपवले आणि धन्यासमोर येऊन साळसूदपणे उभा राहिला. अलीशा त्याला काय विचारतो बघा: चांदी घ्यायची, जैतुनाचे मळे, द्राक्षमळे, गुरंढोरं, दासदासी घ्यायची ही वेळ आहे का? गेहजीने अजून कुठलाच मळा घेतलेला नव्हता. मनात मात्र सगळी खरेदी होऊन गेली होती. तुम्ही कमिशनला अजून होकार दिलेला नाही, पण पत्रात दुसऱ्या बेडरूमच्या खिडकीची दिशा लिहिली आहे. म्हणून मला हे आठवलं.

आकड्यांनंतर कदाचित तुम्हाला दिसेल की आत्ता मोठं घर झेपत नाही. मग मधले रस्ते आहेत. राहतं घर भाड्याने देऊन, त्यात भर घालून जवळच थोडं मोठं भाड्याने घेता येईल. डोंबिवली-बदलापूरकडे जास्त जागा मिळेल, पण तुमचे रोजचे दोन तास जातील; ते कोणाच्या वाट्यातले जातील तेही लिहा. वहिनी घरी शिकवण्या घेतात असं लिहिलंय, त्यांना बाहेर नोकरी करायची इच्छा आहे का, हे विचारलंय का कधी? आणि यातलं काहीही ठरायला वर्ष लागलं तरी मुलीसाठी वर्ष थांबू नका. खोलीचा एक कोपरा, सहा बाय चारचा, प्लायवूडचं पार्टिशन घालून सरकतं दार आणि आतून कडी. आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाने असंच केलं. आत एक फळी, एक दिवा, एक आरसा. त्यांच्या मुलीचा दहावीचा सगळा अभ्यास त्या कोपऱ्यात बसून झाला.

त्या दहा हजारांच्या "बी"बद्दल मला राग आहे, आणि तो तुमच्यावर नाही. पौलाच्या त्या चित्तसमाधानाच्या वाक्याच्या आधीचंच वाक्य वाचा. भक्ती हे कमाईचं साधन आहे असं समजणाऱ्यांबद्दल त्याने तिथे फार कडक शब्द वापरलेत. गरजू माणसाला देवाशी सट्टा लावायला शिकवणारा प्रचारक स्वतःचं कोठार भरतो. तुम्ही त्या वेळी अडचणीत होता, म्हणून पेरलंत. आता त्याच्या परताव्याची वाट बघू नका, म्हणजे ते दान होऊन जाईल. आणि आपल्याही मंडळ्यांनी एक गोष्ट बदलायला हवी. साक्षीच्या वेळी उभं राहून लोक सांगतात, प्रभूने फ्लॅट दिला, गाडी दिली, परदेशचा व्हिसा दिला. सगळे "आमेन" म्हणतात. मी इतकी वर्षं मंडळीत बसते, पण "मला कोणी लाच देत होतं, मी घेतली नाही" अशी साक्ष एकदाच ऐकली, एका कंडक्टरची, आणि त्यानंतर सभागृहात कोणाला काय म्हणावं ते सुचलं नव्हतं. ज्यांच्याजवळ सांगायला फ्लॅट नाही ते मग गप्प बसतात आणि मागच्या बाकावर जातात. तुम्ही पंच आहात. याबद्दल पंचांच्या सभेत बोला.

आता पाकीट.

अर्पणाच्या थैलीत टाकू नका. येशूला धरून दिल्याबद्दल मिळालेली आणि यहूदाने परत फेकलेली चांदीची तीस नाणी मंदिराच्या खजिन्यात घालता येणार नाहीत, हे त्या मुख्य याजकांनाही कळत होतं, आणि ते काही चांगले लोक नव्हते. जे आपलं नाही ते अर्पण करता येत नाही. जकातदार जक्कयाचा हिशोब नीट बघा, त्याने दोन वेगवेगळी खाती केली होती. अर्धी मालमत्ता गरिबांना, ते दान. आणि ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट, ती परतफेड. परतफेडीचे पैसे त्याने दानात दाखवले नाहीत. देवाच्या थैलीत टाकलंत तर कोणाला कळणार नाही आणि तुम्हाला बरं वाटेल. मला भीती तेवढीच आहे की पुढच्या दिवाळीला हा रस्ता पायाखालचा झालेला असेल.

ज्याने दिलं त्याला परत द्या. त्याच नोटा, त्याच पाकिटात. सोबत दोन ओळींचं पत्र: हे दिवाळीत मिळालं होतं, मी घ्यायला नको होतं, परत करतोय, यापुढे पाठवू नये. पोचल्याची सही घ्या. तुमच्या साहेबांवर भरवसा असेल तर त्यांना आधी सांगा. कंपनीत भेटवस्तूंची नोंद ठेवण्याची पद्धत असेल तर तिथे नोंद करा. सांगितल्याने काही भोगावं लागेल का? लागू शकतं. तसं होणार नाही असं वचन मी देणार नाही. पण पाच हजार न खर्चता सहा-सात महिने कपाटात ठेवणारा माणूस आत्ताही भोगतोच आहे. पाळकांशी एकदा एकांतात बोला, पंच म्हणून नव्हे, मंडळीतला एक सभासद म्हणून.

वहिनींना या पाकिटाबद्दल माहीत आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, नाही. मग व्हेंडरकडे जाण्याआधी, साहेबांकडे जाण्याआधी, त्यांना सांगा. समाधानावरचं वचन त्या तुमच्याकडून अनेकदा ऐकून थकल्या आहेत. तुमचाही हात एकदा गेला होता, हे त्यांनी तुमच्याच तोंडून ऐकू द्या. त्या चिडतील, कदाचित "मग आता कशाला शहाणपण" असंही म्हणतील. ऐकून घ्या. वही त्या दिवशी उघडू नका, दुसऱ्या दिवशी उघडा.

आणि सुताराला या आठवड्यातच बोलवा. पार्टिशनचं काम जूनच्या आत उरकलेलं बरं, पावसात प्लायवूड फुगतं आणि दार घट्ट बसतं.